हुएफाताईकडचा पाहुणा

उइदा, ८ डिसेंबर १९७९

ती. सौ. हुएफाताईस,
दोसूचा सा. न. वि. वि.

टॅक्सीवाला कोआसी हे पत्र देईल, तेव्हा झाकणाची टोपलीही देईल. ती आडवी करू नकोस. आत तुझा डांबे आहे, देवळातल्या अजगराचं पिल्लू.

देवळामागच्या भिंतीशी तीन पिल्लं होती. एक पिल्लू हात दिसताच अंगावर येत होतं. दुसऱ्याच्या श्वासात घरघर होती. तिसऱ्याने हातात घेताच अंगाचा गोळा केला, डोकं आत लपवलं आणि बऱ्याच वेळाने नाक तेवढं बाहेर काढलं. तेच निवडलं. डोळे स्वच्छ आहेत, अंग भरीव आहे, हनुवटीखाली गोचीड नाही. मी दोनदा पाहिलं.

टोपलीचं झाकण बांधून ठेव, बोटभर फटीतून जातो. एक बाजू उबेला, एक गारव्याला असू दे. पाण्याचं भांडं जड घे. खाल्ल्यावर त्याला उचलू नकोस. डोळे दुधाळ झाले की कात टाकणार समज. तेव्हा तो खात नाही. कोरडा वारा सुटला की महिना महिना उपाशी राहतो, घाबरू नकोस.

आता खरं विचारतो. लहानपणी अंगणात डांबे आला की तू खाटेवर चढून बसायचीस. दाजी तर चर्चमध्ये गातात. मग हा पाहुणा कशाला? पुजारीबाबांनीही हेच विचारलं. ताईला सेवा करायची आहे, असं मी सांगितलं, पण मला ते पटलेलं नाही. पावसाआधी तो सुखरूप परत येईल, असा शब्द मी दिला आहे. त्याचं काही बरंवाईट झालं तर त्या अंगणात मला पाय ठेवता येणार नाही.

आत्याचा आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दोसू


कोतोनू, ३ जानेवारी १९८०

चि. दोसूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सापापेक्षा लांब निघालं. पाचवीतून शाळा सुटली, पण तुझ्यातला मास्तर काही सुटला नाही. एवढ्या सूचना लग्नात मला कोणी दिल्या नव्हत्या.

तुझा गोळा मजेत आहे. दर आठवड्याला एक उंदीर खातो. परवा डोळे दुधाळ झाले होते, तरी जेवला. चांगलं बाळसं धरलं आहे. दाजी पहिल्या दिवशी दारातच थबकले, मग टोपी काढून आत आले. आताशा हळू बोलतात. घर कसं शांत झालं आहे.

आत्याला म्हणावं, तिच्या हातच्यासारखा मक्याचा आकासा इथे खायला मिळत नाही. जीव लावतोस तसाच लावत राहा, फक्त शंका थोड्या कमी काढ.

तुझी ताई


उइदा, १९ जानेवारी १९८०

ती. सौ. ताईस सा. न.

राग मानू नकोस. दुधाळ डोळ्यांचा डांबे जेवत नाही. ऐन कोरड्या वाऱ्यात दर आठवड्याला तर नाहीच नाही. तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं, चूक माझ्या वाचण्यात नाही.

कोआसी गारीच्या पिठाचं पोतं द्यायला आला, तेव्हा त्याने पाहुण्याला नमस्कार करू का म्हणून विचारलं. तू दार अर्धंच उघडलंस, तोंडावर पदर धरून पोतं ओढून घेतलंस आणि झोपलाय म्हणालीस. कोआसी म्हणतो, टोपलीची जागा रिकामी दिसली. कोतोनूच्या बंदरावर लहान डांबे कापडी पिशव्यांत घालून परदेशी पाठवणारे लोक आहेत, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. आत्या म्हणते, बहिणीवर असा संशय घेणारा तूच एक. पण पुजारीबाबांसमोर ती उभी राहणार नाही, मीच राहणार आहे.

तो घरात आहे की नाही, एवढंच लिही. कोआसी उत्तरासाठी थांबेल.

दोसू


कोतोनू, २१ जानेवारी १९८०

चि. दोसू,

तो आहे. आत्ता माझ्या खाटेखाली आहे. आल्यापासून त्याने एकदाही खाल्लेलं नाही. उपाशी आहे म्हटलं असतं, तर तू दुसऱ्या दिवशी टोपली न्यायला आला असतास.

तुझे दाजी चर्चमध्ये गातात, पण जन्म आपल्यासारख्याच डांबे पुजणाऱ्या कुळातला. गालावर आपल्यासारख्याच खुणा आहेत. डांबे घरात असताना आवाज चढवायचा नाही, हात उचलायचा नाही, हे त्यांच्याही आईने शिकवलेलं आहे. बाकी कोणाचं ते ऐकत नाहीत. म्हणून मी पाहुणा मागितला.

कोआसी आला त्या दिवशी टोपली उन्हासाठी शेजारणीच्या ओट्यावर ठेवली होती. तेवढा वेळही त्यांना पुरला. तसं तोंड घेऊन दार पुरतं उघडता येईना.

आत्याला सांगू नकोस. नांदणं असंच असतं, म्हणेल. पावसापर्यंत त्याला राहू दे, एवढंच मागते.

हुएफा


उइदा, २४ जानेवारी १९८०

ती. सेवेरिन दाजींच्या सेवेशी,
दोसूचा सा. न. वि. वि.

आमच्या पाहुण्याला आपण घरात जागा दिलीत, त्याबद्दल आभारी आहे. त्याला परत आणण्याविषयी पुजारीबाबांशी बोललो. तो केवळ ताईच्याच हातून खातो, हे मी त्यांना सांगितलं. आपल्या कुळात ज्याच्या हातून पाहुणा जेवतो, त्यानेच त्याला देवळात पोचवायचं असतं आणि तो पुन्हा रुळेपर्यंत जवळ राहून भरवायचं असतं, हे आपण जाणताच. त्यामुळे ताईला माहेरी यावं लागेल. रुळायला किती काळ लागेल, ते पुजारीबाबा ठरवतात. ते वृद्ध आहेत, घाई करत नाहीत.

शनिवारी सकाळी मी स्वतः येतो. कोआसी गाडी घेऊन दारातच थांबेल, कारण ताईचं सामान टोपलीपेक्षा जास्त असेल.

मी येईपर्यंत ताईने टोपली घराबाहेर नेऊ नये, असं तिलाही कळवलं आहे. पाहुणा शनिवारपर्यंत आपल्याच घरात आहे, एवढं ध्यानी असू द्यावं.

आपला मेहुणा,
दोसू