पाणी मी मारायला लावलं

बाबा,

तुमचं पुस्तक आज पुन्हा एकदा वाचून संपवलं. तुम्ही गेलात त्याला चाळीस वर्षं होत आली, आणि मी आता तुम्ही गेलात त्या वयाच्याही पुढे आले आहे. डोळे दोन पानांत थकतात, म्हणून एवढ्याशा पुस्तकाला चार दिवस लागले. काल नातसून विचारत होती, "आजी, ये मोटारसायकलवाली किताब किसकी है?" तिला मराठी समजतं, वाचता येत नाही. मी म्हटलं, "माझ्या बाबांची. ह्या गावात मोटारसायकलच्या शर्यती भरवायचे ते." तिला वाटलं मी थट्टा करते आहे. भिंतीवरच्या फोटोत तुम्ही गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या कोटात बसला आहात, पेन्शनीत निघालेल्या हेडमास्तरासारखे. तिचा तरी काय दोष!

नागपूरहून आपण इथे भोपाळला आलो तेव्हा नवं राज्य नुकतंच झालं होतं. फायली आल्या, फायलींमागून कारकून आले, साहेब आले, आणि साहेबांच्या गाड्या सांभाळायला सरकारी गॅरेजचे फोरमन म्हणून तुम्ही आलात. क्वार्टरच्या भिंती अजून ओल्या होत्या. आईला भाजीवाल्याचं बोलणं कळेना, शेजारी ओळखीचं कुणी नाही, ती दिवसभर ट्रंकेवर बसून नागपूरला पत्रं लिहायची. तुम्ही मात्र दुसऱ्याच रविवारी सायकल काढलीत आणि हबीबगंजच्या अंगाचा माळ पाहून आलात. "जागा सपाट आहे. खाली मुरूम आहे, पाणी ठरत नाही," असं तुम्ही जेवताना म्हणालात. आईला वाटलं, घर बांधायचा विचार आहे. तिचा चेहरा उजळला होता. तुम्ही पुढे म्हणालात, "शर्यतीला अगदी बरोब्बर," आणि तिने भाताचं भांडं जरा जोरातच खाली ठेवलं.

महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेल्या मोटारसायकली तेव्हा मिळायच्या. तुम्ही आणि गॅरेजातले तिघे-चौघे त्या जुळवून चालत्या करायचात आणि त्यांचे ब्रेक काढून टाकायचात. लंबगोल मैदान, चार फेऱ्या, वळणं सगळी डावीकडे, आणि वळणावर गाडी थांबवायची नाही, मागचं चाक घसरू देऊन तिरकी काढायची, असा तो खेळ. तो तुम्ही तरुणपणी मुंबईत एकदा पाहिला होतात आणि तुमच्या डोक्यातून तो कधी गेलाच नाही. आईच्या स्वयंपाकघरात एका दुपारी तुम्ही कार्बोरेटर धुताय, रॉकेलने, आणि तेही वरणाच्या पितळी पातेल्यात. आई दारात उभी. "हे पातेलं आता मी कशाला वापरू?" तुम्ही वर न बघता सांगता, "कार्बोरेटर धुवायलाच वापर. मी दुसरं आणणार नाही, हे पण परत करणार नाही." त्यावर ती हसली. भोपाळात आल्यापासून पहिल्यांदा हसली होती, हे तुम्ही पुस्तकात लिहिलं नाहीत, म्हणून मी इथे लिहून ठेवते.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. वेळ मोजायला बसणारे कारकून आजारी पडले आणि तुम्ही स्टॉपवॉच माझ्या हातात दिलंत. लोक बघत होते. जुन्या शहरातून टांगे भरभरून माणसं यायची, बुरख्यातल्या बायका टांग्यातूनच पडदा सारून बघायच्या, पण टेबलापाशी खुर्ची टाकून बसलेली मुलगी कुणी पाहिली नव्हती. शर्यतींच्या मंडळाचे अध्यक्ष असलेले मोठे साहेब तुम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "लडकी को यहाँ बिठाना ठीक नहीं लगता." तुम्ही म्हणालात, "साहेब, घड्याळ किसके हाथ में है, ये घड्याळ को नहीं मालूम." तुमचं हिंदी शेवटपर्यंत असंच राहिलं. त्याच दिवशी साहेबांचा भाचा चौथा आला आणि अंतिम शर्यतीत तिघेच घ्यायचे होते. साहेब माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "बेटी, एक बार फिर देख लो." मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही लाउडस्पीकरचा भोंगा तोंडाशी धरून सगळ्या मैदानाला चौघांच्या वेळा वाचून दाखवल्यात, अगदी सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यासकट. घरी येताना मी विचारलं, साहेब आता काय करतील? तुम्ही म्हणालात, "भीती वाटली तर वाटू दे. आकडा बदलू नको." पुढे एकतीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं, पण ह्याहून चांगलं काही वर्गात सांगितल्याचं मला आठवत नाही.

आपला सगळ्यात चांगला स्वार जुन्या शहरातला होता, बसचा ड्रायव्हर. वळणात गाडी अशी तिरकी न्यायचा की गुडघा जमिनीला टेकतो की काय असं वाटावं. येता-जाता तुम्हाला खास भोपाळी हाक मारायचा, "को खाँ, फोरमन साहब!" त्या हिवाळ्यात मोठे पाहुणे येणार होते. मांडव दुसऱ्या वळणासमोर घातला होता आणि धूळ उडून पाहुण्यांच्या अंगावर जाईल म्हणून साहेबांनी पाणी मारायला सांगितलं. तुम्ही एकदा मारून घेतलंत. ते पुन्हा म्हणाले, तुम्ही पुन्हा टँकर फिरवायला लावलात. स्वार चालत वळणापर्यंत गेला, टाचेने मुरूम दाबून पाहिला आणि परत येऊन म्हणाला, "साहब, आज ज़मीन रूठी हुई है." तुम्ही मांडवाकडे पाहिलंत, मग त्याच्याकडे. "सावकाश काढ," म्हणालात. तिसऱ्या फेरीत त्याचं मागचं चाक गेलं ते परत जागेवर आलंच नाही. गाडी त्याच्या पायावर पडली आणि मागून येणारी दुसरी गाडी तिच्यावर. माझ्या हातातलं घड्याळ चालूच राहिलं. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मंडळाने चौकशी केली, स्वाराने वेग आवरला नाही असं ठरवलं, आणि त्या कागदावर तुम्ही सही केलीत. पुढच्या महिन्यात शर्यती तुम्हीच बंद केल्यात. कुणी का विचारलं तर म्हणायचात, "जमत नाही आता."

तुम्ही रिटायर झालात तेव्हा हात थरथरू लागला होता. शाळेतून आले की मी चहा घेऊन तुमच्यासमोर वही उघडून बसायचे आणि तुम्ही सांगायचात. काय काय सांगितलंत! कुणाच्या वशिल्याने कोण पंच झाला, कुणी बक्षिसाचा कप परस्पर जावयाला दिला, कोणता साहेब मोटारसायकलला घाबरून लांब उभा राहायचा आणि फोटोला मात्र तिच्यावर बसायचा. मी लिहिता लिहिता हसायचे. मग एके दिवशी तुम्ही म्हणालात, "लिही. पाणी मी मारायला लावलं. स्वाराने नको म्हटलं होतं. चौकशीच्या कागदावर मी खोटी सही केली." माझं पेन थांबलं. "बाबा, पाणी साहेबांनी सांगितलं होतं. तेच लिहू ना."

"साहेबांनी सांगितलं. टँकर कुणाच्या हुकमाने फिरला?"

"पण आता इतक्या वर्षांनी कशाला? कुणी विचारतंय का?"

तुम्ही माझ्यावर आयुष्यात दोनदा ओरडलात, त्यातली ही दुसरी वेळ. "सगळ्या गावाची अब्रू मी चव्हाट्यावर मांडायची, तू खुदूखुदू हसत लिहून घ्यायचीस, आणि माझी पाळी आली की पेन थांबवायचं? ठेव ती वही. मी दुसरं कुणी बघतो." मी वही ठेवली नाही. रडत रडत लिहिलं, आणि ते पान आजही वहीत डागाळलेलं आहे.

छापण्याआधी ते प्रकरण त्या स्वाराला वाचून दाखवायचं, हाही हट्ट तुमचाच. जवाहर चौकात त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. लाकडी पाय लावून तो स्टुलावर बसला होता, पुढ्यात उलटी टांगलेली सायकल. तुम्ही उभेच राहिलात. मी एकेक वाक्य हिंदीत करून सांगत गेले. तो चाकाच्या तारा आवळत ऐकत होता. मी थांबल्यावर त्याने पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "फोरमन साहब, इसमें एक बात ग़लत है."

तुम्ही लगेच विचारलंत, "कौनसा?"

"मैंने ज़मीन रूठी है कहा था. नहीं चलाऊँगा, ये कब कहा? आपने तो सावकाश बोला था. पहली दो लैप धीरे निकालीं, फिर मंडप में लोग खड़े हो गए, तो मुझसे रहा नहीं गया." मग तो हसला. "इतने बरस आप अकेले मुजरिम बने बैठे हैं. को खाँ, थोड़ा हिस्सा हमें भी दो."

तुम्ही त्याच्या स्टुलाशेजारी, ग्रीस सांडलेल्या फरशीवर खाली बसलात आणि तोंडाला रुमाल लावलात. मग तुम्ही मला म्हणालात, "लिही. तो म्हणतो तसं लिही. पण पाण्याचं वाक्य तसंच ठेव, आणि सहीचंही." तो म्हणाला, "रखो, रखो. वो तो सच है."

पुस्तक निघालं आणि संध्याकाळी ओट्यावर पत्ते खेळायला येणारे तुमचे जुने सहकारी यायचे बंद झाले. एकाने रस्ता ओलांडून पलीकडून जायला सुरुवात केली. तुम्हाला ते लागलं, मला दिसत होतं, पण तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की लिहायला नको होतं. त्या रिकाम्या ओट्यावर दर जुम्म्याला नमाजनंतर आपला स्वार यायचा, काठी टेकत. तुम्ही दोघं मोटारसायकलींबद्दल भांडायचात, तो उर्दूत आणि तुम्ही तुमच्या त्या हिंदीत, आणि आई आतून ओरडायची, "अहो, हळू, अख्खं नगर ऐकतंय!" तुमची शेवटची आठ-दहा वर्षं त्याच्यामुळे सुखात गेली, असं मला वाटतं. मुलीच्या हातात घड्याळ देणारा आणि स्वतःचं नाव न वगळणारा बाप मिळाला, ह्याबद्दल मी तुम्हाला कधी काही म्हटलं नाही. आपल्या घरात अशी पद्धत नव्हती. आता म्हणते.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्यासाठीच खरं तर हे लिहायला बसले. त्या प्रकरणात तुम्ही एक वाक्य सांगितलं होतंत, "तो हॉस्पिटलात होता तेव्हा माझी मुलगी रोज डबा घेऊन जायची आणि त्याच्यापाशी बसायची." छापील पुस्तकात ते नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा मी म्हटलं, कंपोझिटरकडून राहिलं असेल. ते राहिलं नव्हतं, बाबा. प्रुफात मीच काट मारली होती. डबा मी रोज नेला, पण वॉर्डच्या दारातल्या नर्सबाईंच्या हातात देऊन परत फिरले. सव्वा महिना. एकदाही आत गेले नाही, मला तो पाय बघवला नसता. घरी मात्र त्याच्यापाशी बसून आले असं सांगायचे. तुम्ही सांगितलंत त्या सगळ्यात तेवढंच एक खोटं होतं आणि ते माझं होतं.