बंब वळेल एवढी जागा

टोकियो
१२ नोव्हेंबर १९७९

ती. तेत्सुरोदादास,
सुमिएचा शि. सा. न. वि. वि.

खारवलेला मासा पोचला. वहिनींना सांग, ह्यांनी तीन दिवस भाताबरोबर दुसरं काही मागितलं नाही.

आता हसू नकोस. मी गल्लीचं मंडळ काढलंय. गेल्या महिन्यात पलीकडच्या पेठेत आग लागून सात घरं गेली, कारण बंब गल्लीच्या तोंडाशीच अडकला. दुसऱ्या दिवशी मी दोरी घेऊन आपली गल्ली मोजली. कुणी कुंड्या मागे घ्यायच्या, कुणी कुंपण. पण बंब वळायला खरी अडचण एकाच जागी आहे, आपल्या कोपऱ्यावर. बाबांचं खडावांचं दुकान दीड हात पुढे आलंय.

पहिल्या बैठकीला चौघं आले. त्यात मी नि हे. तिसऱ्या आल्या टोकाच्या घरातल्या ओकिनो आजी, ज्यांना ऐकूच येत नाही. चौथा समोरचा मोरिवाकी, तांदळाच्या चकत्या भाजणारा. चहा पिऊन तो सगळ्यांदेखत म्हणाला, सुमिएबाई, आधी आपलं अंगण झाडा, मग गल्ली झाडायला या. त्याचं खरं होतं.

दुकानासकट घर आपल्या दोघांच्या नावावर आहे. दुकान पाडायच्या संमतीचा कागद सोबत आहे, त्यावर तुझ्या सहीचा शिक्का हवा. दुकान आठ वर्षं बंदच आहे ना?

तुझी धाकटी,
सुमिए


साप्पोरो
२४ नोव्हेंबर

चि. सुमिएस,
अनेक आशीर्वाद.

अध्यक्षीणबाईंचं पत्र मिळालं. लहानपणी भाजीवाल्याशी बोलायला लाजणारी पोर आता बैठका घेते, हे वाचून तुझी वहिनी खूप हसली. मला मात्र काळजी वाटली. गल्लीतलं वैर फार दिवस टिकतं गं. तुम्हाला तिथंच राहायचंय.

आणि दुकानाचं म्हणशील, तर युद्धातल्या आगीत सगळी पेठ गेल्यावर बाबांनी ते जळक्या फळ्या वेचून उभं केलं. खिळे मी हातात धरायचो. तू तेव्हा आईच्या पाठीवर बांधलेली असायचीस, तुला काय आठवणार? ते तोडायचं म्हटलं की हात चालत नाही. नववर्षाला येईन, तेव्हा समोरासमोर बोलू. तोवर घाई नको. तुझ्या यजमानांना नमस्कार सांग.

तुझा,
दादा


टोकियो
१९ डिसेंबर

ती. दादास,
शि. सा. न.

तू आठवणीचं लिहिलंस ते बरोबर, मला आठवत नाही. पण त्या आगीत गल्लीतून पळायला वाट नव्हती, असं आई सांगायची ते मी विसरले नाही.

मंडळात आता अकरा घरं आहेत. प्रत्येक दारात पाण्याची बादली ठेवलीय. मोरिवाकीच्या बायकोनं बादलीत मुळे धुतले आणि मला ऐकवलं की मंडळाचा एवढा तरी उपयोग झाला. हल्ली ती माझ्या नमस्कारालाही मान हलवत नाही. ते सोसेन. वाऱ्याचं मात्र सोसवत नाही. पाऊस नाही, लाकडं वाळून कडकडीत झालीत, दारं थडथडली की मी उठून चुली बघून येते. ओकिनो आजींना हाक ऐकू येणार नाही, हे सारखं मनात येतं.

नववर्षाला नक्की ये. येताना शिक्का आण. पाया पडते.

सुमिए


टोकियो
२८ जानेवारी १९८०

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बर्फानं गाड्या बंद म्हणून येता आलं नाही, हे तुझं कार्ड मिळालं होतं. त्यानंतरची माझी दोन पत्रं मीच फाडली. हे तिसरं.

तेवीस तारखेला दुपारी मोरिवाकीच्या भट्टीतून आग उठली. वारा उत्तरेचा. बंब वेळेवर आला आणि आपल्या कोपऱ्यावर अडकला. एकदा पुढे, एकदा मागे, मग थांबलाच. जवानांनी नळी खांद्यावर घेऊन धाव घेतली. तोवर आम्ही बादल्यांची रांग लावली. त्या दिवशी अकरा घरं मोजायला कुणाला सवड नव्हती, अख्खी गल्ली रांगेत होती. मोरिवाकीनं आपलं घर जळत सोडलं आणि टोकाशी जाऊन ओकिनो आजींना पाठीवर घेऊन आला. आजी त्याला बुक्के मारत होत्या, त्यांना वाटलं चोर आहे. त्याचे दोन्ही हात भाजलेत. घराचा पुढचा भाग गेला. माणूस एकही गेलं नाही.

मी तुला बोल लावत नाही. झालं ते कळवलं.

सुमिए


साप्पोरो
२ फेब्रुवारी

चि. सुमिए,

कागद सोबत आहे. शिक्का नीट बघ, शाई जुनी आहे. तो मी तुझं पहिलं पत्र आलं त्याच आठवड्यात मारला होता. पाकिटात घालवेना. अडीच महिने कागद खणात पडला होता. बर्फाचंही खोटं लिहिलं. गाड्या चालू होत्या.

मोरिवाकीसमोर कोणत्या तोंडानं उभा राहू, कळत नाही. तरी दहा तारखेला येतोय. दुकान मजुरांकडून पाडू नकोस. मी उकलीन.

दादा


टोकियो
२० एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न.

वहिनींच्या मलमानं तुझ्या हातांचे फोड केव्हाच भरून आले असतील. फेब्रुवारीत तू कोपऱ्यावरचं दुकान उकलत होतास ते चार दिवस मोरिवाकी खिडकीतून नुसता बघायचा, आठवतं? काल अग्निशमनवाले बंब वळवून बघायला आले. वळला! दोन्ही बाजूंना हातभर जागा राहिली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मला मात्र रडू फुटलं. मोरिवाकी बाहेर आला नाही. पण त्याच्या नव्या भिंतीचा पाया दोन हात आत घेतलाय, कुणी न सांगता.

कोपऱ्यापलीकडचे आयाबे अजून कुंपण हलवत नाहीत. म्हणतात, आता आग लागून गेली, परत थोडीच लागणार? उद्या पुन्हा जाणार आहे.

सुमिए


साप्पोरो
११ मे

चि. सुमिएस,
अनेक आशीर्वाद.

आमच्या पाच मजली इमारतीचा जिना तू पाहिलायस. कोळशाच्या पेट्या, लोणच्याची पिंपं, पोरांच्या घसरगाड्या. बावीस वर्षं त्यातून वाट काढत चढलो, कधी काही वाटलं नाही. हल्ली रोज, आग लागली तर कोण कुठून उतरेल, ते बघत चढतो.

रविवारी तीन दारं ठोठावली. पहिल्यानं वर्गणी नाही म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं दारच उघडलं नाही. तिसरीकडे मीच नुसतं हवेबद्दल बोललो आणि परतलो. तुझी वहिनी म्हणते, घरी बसा. सुमिए, तू पहिल्या दाराशी काय बोलली होतीस?

दादा


टोकियो
१७ मे

ती. दादास,
शि. सा. न.

विशेष काही बोलले नव्हते. घरी कोण कोण असतं, एवढंच विचारलं. मग विचारलं, आग लागली तर ह्यातल्या कुणाला उचलून न्यावं लागेल? त्या बाईनं मागे वळून आतल्या अंथरुणाकडे पाहिलं. मग म्हणाली, आत या.

काही दारं उघडणार नाहीत. आयाबेंचं अजून उघडत नाही. तरी ठोठाव.

माया आहेच, ती अशीच असू दे.

सुमिए