मशीन क्र. १ ऐवजी मशीन क्र. ३ मिळणेबाबत, आज पाचच्या आत

प्रति,
मा. वितरण अधिकारी,
जुन्नर-आंबेगाव विद्यार्थी साधन निधी,
तात्पुरते वितरण केंद्र, शिनोली, ता. आंबेगाव, जि. पुणे.

अर्जदार : कु. वैजयंती गेणू केंगले, रा. उंबरवाडी, शिनोलीच्या वर.

विषय : लॅपटॉप बदलून मिळणेबाबत.

संदर्भ : १) निवड पावती, दि. ४ जून.
२) आपल्या केंद्राच्या दारावरील सूचना : वाटप व बदल एकाच दिवशी, दि. १९ ऑगस्ट, सायं. ५ पर्यंत. त्यानंतर कोणतेही कारण चालणार नाही.

महोदय,

आपण मंचरला बैठकीस गेला आहात आणि चारपर्यंत परत याल, असे खिडकीवरील श्री. संपत यांनी सांगितले. तोपर्यंत "लेखी द्या" असेही सांगितले. म्हणून लिहीत आहे. आत्ता दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे झाली आहेत.

१. मी पुण्यात वास्तुकलेच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. घर, शाळा, दवाखाना बांधण्याआधी त्याचे आरेखन करणे हा आमचा अभ्यास. पहिल्या वर्षी ते कागदावर करतात. या वर्षापासून संगणकावर, सर्व बाजूंनी फिरवून दाखवता येईल असे. पहिले सादरीकरण येत्या शुक्रवारी, २२ तारखेला आहे. ते न केल्यास सत्र धरले जाणार नाही, असे महाविद्यालयाने लेखी कळवले आहे. आजवर मैत्रीण जेवायला गेली की मी तिच्या लॅपटॉपवर काम करत आले. तिचे जेवण वीस मिनिटांचे असते.

२. आपल्या निधीने तीन मशीन निवडीस ठेवली होती. क्र. १ सव्वा किलोचे, बॅटरी दिवसभर टिकणारी. लिहिणे, वाचणे, फॉर्म भरणे यासाठी उत्तम. क्र. २ मधले. क्र. ३ अडीच किलोचे, बॅटरी जेमतेम दोन तास, पण मेमरी दुप्पट आणि ग्राफिक्स कार्ड स्वतंत्र. आमचे सॉफ्टवेअर क्र. १ वर उघडते. मात्र एका भिंतीची सावली पाडायला सांगितली की पंखा ओरडतो, पडदा पांढरा होतो आणि केलेले काम जाते. वर्गातल्या एकीकडे तसेच मशीन आहे, ती मधल्या सुट्टीत रडते.

३. निवडीच्या दिवशी, ४ जूनला, माझी परीक्षा होती. मी वडिलांजवळ चिठ्ठी दिली : "फक्त क्र. ३. दुसरे काहीही नको." वडिलांनी ती खिशात सांभाळून नेली आणि तशीच सांभाळून परत आणली. सोबत जोडली आहे.

४. आज सकाळी पावतीवर क्र. १ चा डबा मिळाला. सील फोडलेले नाही. तरी तो परत घेऊन क्र. ३ द्यावा, ही विनंती.

(येथे सही केली होती. खोडली आहे. कारण पुढे.)

पुरवणी. वेळ २.४५.

विषय (सुधारित) : अन्य लाभार्थ्याशी लॅपटॉपची अदलाबदल करू देणेबाबत.

५. श्री. संपत यांनी वरील अर्ज वाचून सांगितले, "ताई, शिल्लक एकपण नाही. ज्याला तीन नंबर मिळालाय त्याला पटवा, दोघं मिळून खिडकीवर या. सील फोडलं तर मी पण काही करू शकत नाही." हे आधी सांगितले असते तर एक कागद वाचला असता. ही तक्रार नाही.

६. क्र. ३ चा डबा व्हरांड्याच्या बाकावरच सापडला. तो पिंपळवंडीच्या कु. समृद्धी लेंडे हिचा. ती वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला आहे. सोबत तिचे आजोबा श्री. सयाजी लेंडे. मशीन त्यांनी निवडले होते. का, असे विचारता ते म्हणाले, "वस्तू हाताला जड लागली पायजे. कोबीचा गड्डा घे न्हाय तर पाण्याची मोटार घे. हलकं म्हंजी आत भुसा." समृद्धी म्हणाली, "आजोबा, हे खांद्याला लावून तुम्ही आळेफाट्यापर्यंत एष्टीत उभे राहून दाखवा. दुपारी बॅटरी संपली की घरून वायर घेऊन पण तुम्हीच या." यावर श्री. सयाजी, "अगं पन गावात सांगून बसलोय मी, आपल्याला सगळ्यात मोठं मिळालंय म्हणून." यावर समृद्धी, "मग ते पारावर ठेवा. मी रिकाम्या हातानं कॉलेजला जाते."

श्री. सयाजी यांनी डबा बाकावरून समृद्धीकडे सरकवला. नंतर "करा काय करायचं ते" असे म्हणाले. यास संमती समजावे. समृद्धीची सही समासात घेतली आहे.

पुरवणी दुसरी. वेळ ३.२५. (माझा कागद संपला. हे पान समृद्धीच्या वहीतले.)

विषय (पुन्हा सुधारित) : अर्जदार ही लाभार्थी नसल्याबाबत.

७. श्री. संपत यांनी पावतीचा क्रमांक संगणकात घातला आणि "लाभार्थी कुठंय?" असे विचारले. मी म्हटले, मीच. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. नोंद अशी : *लाभार्थी लंकाबाई धोंडू केंगले. वय ७८. अभ्यासक्रम वास्तुकला, द्वितीय वर्ष.* लंकाबाई ही माझ्या वडिलांची आई. त्या माझ्यासोबत आलेल्या आहेत आणि पायरीवर बसून चहा पीत आहेत. त्या कोणत्याही शाळेत गेलेल्या नाहीत.

८. हे कसे झाले ते नमूद करते. आमच्याकडे भाताचे रोप टाकताना बियाण्याची पहिली मूठ घरातल्या सर्वांत मोठ्या बाईच्या हातून पडते. तोवर दुसरे कोणी हात लावत नाही. हे भातापुरते राहिलेले नाही. मिक्सर आला तेव्हा बटण आजीने दाबले. वाडीत नळ आला तेव्हा आमची तोटी आजीने सोडली. ४ जूनला आजी वडिलांसोबत होती; आपल्या निधीच्या माणसाने "अंगठा ठेवा" म्हटल्यावर माझे वडील बोलले, "आईचा हात लागू द्या पयला." आजीने अंगठा ठेवला. यंत्र पहिला अंगठा लाभार्थ्याचा धरते. मागे रांग होती, वय कोणी पाहिले नाही. मग "कोणतं पाहिजे?" असे विचारले. आजीने तिन्ही मशीन एकेका हाताने उचलून पाहिली आणि क्र. १ वर बोट ठेवले. चिठ्ठी त्या वेळी वडिलांच्या खिशात होती.

९. सबब, अदलाबदलीस लंकाबाई यांची संमती व अंगठा आवश्यक आहे. लंकाबाई यांची संमती नाही. त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत लिहावे, असा श्री. संपत यांचा आग्रह आहे :

"तीन नंबर मी उचलून बघितलाय. त्यापरीस रोपाची मोळी बरी. एष्टी खाली सोडती, वाडी ऱ्हायली वर. पोरगी पाठीला बोजा घिऊन चढ चढती ती मी दारातनं बघती, तुमी न्हाई बघत. त्यात ह्यो धोंडा कशाला? मी निवडलंय ते लई चांगलंय. अंगठा देनार न्हाई."

१०. मी लाभार्थींना ग्राफिक्स कार्ड समजावून सांगितले. उपयोग झाला नाही. श्री. सयाजी यांनी मदत म्हणून "आजीबाई, जड हाय म्हंजी माल हाय" असे सांगितले. त्यावर लाभार्थी म्हणाल्या, "पावणं, माल हाय तर तुमी का सोडताय?" श्री. सयाजी बाकावर परत गेले. आपण अद्याप आलेला नाहीत. ३.५०.

१०-अ. मागच्या पानावर जे चित्र आहे ते अर्जाचा भाग समजावे. ते आमच्या घराचे आहे, मधोमध कापल्यासारखे. डाव्या हाताची भिंत दरवर्षी ओली होते आणि पावसाळाभर आजीचे अंथरूण चुलीकडे सरकते. मी चित्रावर बोट ठेवून सांगितले : एक नंबरवर नुसती भिंत दिसेल. तीन नंबरवर पाऊस कोणत्या बाजूने येतो, छपराखालून कुठे शिरतो आणि छप्पर किती पुढे ओढले म्हणजे शिरणार नाही, हे बांधायच्या आधी दिसेल. शुक्रवारी मी हेच घर दाखवणार आहे.

आजीने कागद हातात घेतला आणि ओल्या भिंतीवरून बोट फिरवले. मग म्हणाली, "हे आदी का न्हाई बोल्लीस?"

मी म्हटले, चिठ्ठीत लिहिले होते.

"चिठ्ठी मला वाचता येती व्हय, वैजे?"

महोदय, अर्जात असे कलम ठेवू नये हे मला कळते. तरी ठेवत आहे. मी फोनवर वडिलांशी बोलले, चिठ्ठी वडिलांना दिली, परीक्षा महत्त्वाची म्हणाले. आजीला काही विचारावे किंवा सांगावे असे माझ्या मनातही आले नाही. तिने निवडले ते माझी पाठ बघून निवडले. दुसरी माहिती तिला कोणी दिलीच नव्हती.

१०-ब. लाभार्थींची संमती आहे. ४.१५.

पुरवणी तिसरी. वेळ ४.३८.

विषय (चौथ्यांदा) : हजर असलेली लाभार्थी हजर धरणेबाबत.

११. समृद्धीचा अंगठा पहिल्या खेपेस उठला. लंकाबाई यांचा अंगठा सात वेळा ठेवला. उठत नाही. भातलावणीत त्यांचे हात महिनाभर चिखलपाण्यात होते. बोटांची कातडी पांढरी पडून सोलली आहे, यंत्राला रेषा सापडत नाहीत. साबणाने हात धुतले. पदराने पुसले. समृद्धीने पिशवीतली क्रीम लावली. श्री. संपत यांनी यंत्राच्या काचेवर फुंकर मारली. डाव्या हाताचा अंगठाही ठेवून पाहिला, तो मुळात नोंदलेलाच नव्हता. प्रत्येक वेळी पडद्यावर एकच : *लाभार्थी अनुपस्थित.*

१२. लाभार्थी खिडकीला हात टेकून उभ्या आहेत. त्यांनी श्री. संपत यांना विचारले, "मी हितं उभी हाय न राव? मंग त्या डबड्याला सांग की." श्री. संपत म्हणाले, "आजी, मला दिसताय तुमी. त्याला दिसत नाय." आठ दिवसांत कातडी येते, तेव्हा या, असेही ते बोलून गेले. मग दारावरच्या सूचनेकडे पाहून त्यांनी यंत्राची काच पुन्हा पुसली.

१३. त्यांनी आपणास फोन लावला. बैठक लांबली आहे. सहीचे अधिकार फक्त आपले आहेत. ४.४९.

(यापुढील तीन ओळी रागाने लिहिल्या होत्या. खोडल्या आहेत. वाचता येत असल्यास वाचू नयेत.)

शेवटचे. वेळ ४.५४.

विषय : कळवणेबाबत.

आपल्या सूचनेतील सर्वांत खालचे कलम बारीक अक्षरात आहे. ते आत्ता समृद्धीने मोठ्याने वाचले : *मुदतीत दाखल झालेल्या अर्जावर निर्णय होईपर्यंत मशीन ज्याच्या हाती आहे त्याच्याकडे राहील.*

म्हणून कळवते की, क्र. ३ चा डबा श्री. सयाजी यांनी उचलून आम्ही बसलो होतो त्या पायरीवर आणून ठेवला. क्र. १ चा डबा लंकाबाई यांनी समृद्धीच्या हातात दिला. दोन्ही सील शाबूत आहेत. आपली सही नाही, यंत्राची मान्यता नाही. दोन्ही घरची माणसे तयार आहेत. चूक ठरली तर ती माझी एकटीची धरावी. आजीचे नाव, समृद्धीचे नाव किंवा श्री. संपत यांची नोकरी त्यात ओढू नये.

या अर्जात मी आता मशीन मागत नाही. ते माझ्या पायाशी आहे. मागते आहे ती फक्त पोच. एक शिक्का, एक वेळ. तो कागद असला तर निर्णयापर्यंत हा डबा कोणी काढून घेऊ शकत नाही, आणि निर्णयाला आपण शुक्रवारपेक्षा जास्त दिवस घ्याल, याची मला या एका दुपारीत खात्री झाली आहे.

शुक्रवारी दुपारी दोनला माझे सादरीकरण संपेल. मशीन परत मागवायचे झाल्यास शनिवारी मागवावे. त्याआधी मागवू नये. चौकशीला यायचे तर वाडीवर यावे. चढ आहे, पाण्याची बाटली सोबत ठेवावी. ओली भिंत मी दाखवीन.

श्री. संपत खिडकीचे शटर ओढत आहेत. आजी त्यांना "थांब की रं जरा, पोरगी लिवतीय" असे म्हणत आहे आणि तिने शटरखाली हात घातला आहे. मला लवकर संपवले पाहिजे. माझ्या मोबाइलमध्ये ५ वाजून ३ मिनिटे झाली आहेत. ही वेळ मी खोटी लिहिणार नाही.

आपल्या खिडकीबाहेर उभी,
वैजयंती गेणू केंगले
(नोंदीनुसार कोणी नाही)

शिनोली, दि. १९ ऑगस्ट २०२५

सोबत : १) निवड पावती. २) चिठ्ठी, घडीसह. ३) महाविद्यालयाचे पत्र, छायाप्रत. ४) लंकाबाई यांचा शाईचा अंगठा, कोऱ्या कागदावर, रेषांशिवाय.

*(खाली, वेगळ्या अक्षरात, शिक्क्यासह)*

पोच. अर्ज सर्व पुरवण्यांसह मिळाला. केंद्राच्या घड्याळात ४.५८. अर्जदाराचा मोबाइल पुढे आहे.
– संपत, खिडकी