ऊट आयता

सोलापूर
९ फेब्रुवारी २०२५

ती. अव्वास,
शरणु शरणार्थी.

मी बरी आहे. अप्पांचा गुडघा कसा आहे? ज्वारी काढायला आली असेल.

पत्र बघून घाबरू नकोस. फोनवर आपण बोलायला लागलो की राजनंदिनी स्पीकर लाव म्हणते. मग तुम्ही दोघीच बोलता. हॉस्टेलची खोली एकच, कॉटला कॉट लागून. मी कुठे जाऊ?

शेंगाचटणी आणि कडक भाकरी मिळाली. एसटी स्टँडवरून मीच आणली. एका पुडक्यावर तू तिचं नाव घातलं होतंस. पुढच्या वेळी घालू नकोस. तिला तिखट सोसत नाही.

हे खोटं आहे. तिला फार आवडतं. ती पुडकं घेऊन समोरच्या खोलीत जाते. तिथं सगळ्या कागद पसरून बसतात. कुणीतरी म्हणतं, "ए, अव्वाची चटणी संपवू नका, मला पण ठेवा की." दार उघडंच असतं. मला कुणी ये म्हणत नाही. मी माझी भाकरी कॉटवर खाते. कडक भाकरीचा आवाज तिकडे जातो, म्हणून पाण्यात भिजवून खाते.

तू पहिल्यांदा कन्नडमधून "ऊट आयता?" विचारलंस, तेव्हा ती म्हणाली, "काकू तुला आयतं खातेस म्हणून रागावतात का गं?" तू किती हसलीस. मग तिला शिकवलंस, जेवण झालं असेल तर आयतु म्हण, नसेल तर आगिल्ल. आता ती जिन्यावरून ओरडते, "ऊट आयता?" खालून सगळ्या म्हणतात, "आयतु." मला कुणी विचारत नाही. मला ते आधीपासून येतं ना.

आयतं कुणाला मिळालं, तूच सांग.

तिला तिची आई आहे, अव्वा. रोज व्हिडिओ कॉल करते. परवा फोनवर तू तिला "मगळे" म्हणालीस. मी दाराबाहेर बादली घेऊन उभी होते. लेक मी आहे.

मैत्रिणी झाल्या का, असं तू जूनमध्ये विचारलं होतंस. मी तिचंच नाव सांगितलं. दुसरं नव्हतं. तेव्हापासून तू तिला जीव लावतेस, हे मला कळतं.

गुरुवारी तुझा फोन येईल. स्पीकर असेल. तू विचारशील, आणि मी तिच्याआधी "आयतु" म्हणेन. खरं उत्तर इथं लिहून ठेवते.

आगिल्ल.

तुझी एकुलती,
दानेश्वरी