फळ्याचा उजवा कोपरा

सर, घावलं! तुमच्या फळ्याच्या उजव्या कोपऱ्यातला माझा प्रश्न आज सुटला. चुंबक जागचं हललं नाही आणि तरी वीज झाली, सर!

भूकंपानंतर लातूरला पत्र्याच्या शेडमध्ये तुमचा क्लास भरायचा. जरा हादरा बसला की आम्ही पोरी चपला तिथंच टाकून बाहेर, आणि तुम्ही सगळ्यात शेवटी, हातात खडू तसाच. अशाच एका हादऱ्यानंतर आम्ही परत येऊन बसलोय. तुम्ही सांगताय, चुंबक हललं तरच तारेत वीज. मी मुखेडची पोरगी, उठून विचारते, "आणि न्हाई हललं तर? नुसत्या चुंबकपणातून वीज व्हायचीच न्हाई का?" पोरं फिदीफिदी हसतात. तुम्ही मात्र कोपऱ्यात प्रश्न लिहिता. "आगं, पेपराला न्हाई हे. पर प्रश्न लई भारी हाय. ज्याला उत्तर घावंल त्यानंच पुसायचं." पालक नावं ठेवतात म्हणून क्लासचे मालक कटकट करायचे, पण तुम्ही त्या कोपऱ्याला डस्टर लागू दिलं नाही.

आता ऐका तर! आमच्या प्रयोगशाळेत मी वाढवलेल्या स्फटिकात कितीतरी अणू म्हणजे बारीक बारीक चुंबकंच. ती एक वर, एक खाली अशी बसली तर रांग दोन्ही टोकांकडून सारखीच दिसते. पण हा स्फटिक खूप थंड केला की पहिलं ताठ, दुसरं जरा पुढं झुकलेलं, तिसरं आणखी, असं कलंडत कलंडत पुरा फेरा होतो. या टोकाकडून बघितलं तर रांग पुढं कलंडते, त्या टोकाकडून मागं. तो सारखेपणा मोडला की मधले अणू किंचित एकाच बाजूला सरकतात; एका अंगाला धन, दुसऱ्याला ऋण. जगात हे आधी दिसलंय म्हणा, पण हा स्फटिक माझ्या हातचा! ज्या थंडीला फेरा जुळतो नेमकी तिथंच पडद्यावरची विजेची रेघ उठली. फेरा उलटा करवला, तर वीजही उलटी! अहो, या वयात मी उड्या मारल्या.

तुम्ही गेलात तेव्हा प्रश्न फळ्यावर तसाच होता. पुढं शेड पाडून तिथं टोलेजंग क्लास झाला, फळ्याचं काय झालं कुणास ठाऊक. म्हणून आज इथल्या फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात तोच प्रश्न लिहिला आणि डस्टर घेऊन उभी राहिले. हात उचलेना. हे पत्र तर कुठं टाकायचं नाहीच, मग खरंच सांगते. "पूस आता" असं तुम्ही म्हणाल म्हणून वाट बघत होते.