उतारावरची पावलं

सोमवार, २१ जानेवारी २००२, संध्याकाळ

काल लिहिलं की त्र्यंबकपर्यंतची सगळी शर्यत मी चालले. ते खरं नाही. अंजनेरीच्या पुढे उतारावर मी पळाले. वीस पावलं. तीसही असतील. आई घरी शिकवायची तेव्हा खाडाखोड चालत नसे, चूक दुसऱ्या दिवशी नव्याने लिहायची. म्हणून हे.

सराव जेमतेम आठ दिवसांचा. पोटऱ्या इतक्या भरून आल्या की चालण्यापेक्षा पळणं सोपं वाटलं. चालण्याच्या शर्यतीत पळणारी बाद होते. पंच वळणापलीकडे होते, कुणी पाहिलं नाही. मी तिसरी आले, हरसूलची यमुना चौथी. पहिल्या तिघीच जिल्ह्याच्या संघात.

आज होस्टेलवर तिनेच माझ्या पायांना तेल चोळलं. "ताई, हे पाय हायेत का भोपळे? संघात जाऊन काय झोपणार का?" सगळ्या हसल्या. मीही. तेव्हाच का नाही बोलले?

आईला फोन केला. "वीस पावलांनी कुणाचं काय अडतंय गं?" आईच असं म्हणाली! यमुनाचं अडतंय. आणि वीस होती की तीस, हे मी अजून का मोजतेय?

जिना उतरताना कठडा धरावा लागतो. संघाची नावं शुक्रवारी जाणार. ती पाठवणारे आमचे खेळाचे सर बुधवारी रात्री गावाहून येतात. यमुनाला आधी सांगितलं तर ती मलाच गप्प करील. म्हणून सरळ सरांना. गुरुवारी, चोवीस तारखेला, पहिल्या तासाआधी.