सुलभाताईंची माघार

रविवार, संध्याकाळ. दिल्ली.

आमच्या पक्षाचे अध्यक्ष आज बिनविरोध निवडले गेले. आम्ही प्रतिनिधी मत द्यायला एवढ्या लांबून आलो, पण मतदान झालंच नाही. त्यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या एकट्या सुलभाताईंनी दुपारी अर्ज मागे घेतला.

सकाळी गेस्ट हाउसमध्ये नाश्त्याला ताई एकट्या बसल्या होत्या. ज्यांनी त्यांना उभं राहायचा आग्रह केला, ते सगळे पलीकडच्या टेबलावर हसत पोहे खात होते. मी ताट घेऊन ताईंसमोर जाऊन बसले.

“इथे बसू नकोस गं,” त्या हळूच म्हणाल्या. “तुझं जिल्हाध्यक्षपद जाईल.”

“जाऊ दे. माझं मत तुम्हालाच आहे.”

“मला मोजकी मतं पडतील. ती कुणाची, हे वरच्या लोकांना शोधायला वेळ लागायचा नाही. आणि आता तर तू समोरच बसलीस.”

मतदान गुप्त असतं ना? असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं.

नाव जाहीर झाल्यावर सभागृहात टाळ्या पडल्या. ताईंनीही वाजवल्या. शेजारचा दिल्लीचा कार्यकर्ता म्हणाला, “चलो, अच्छा हुआ, सब एकमत से हो गया.”

ते पलीकडचं टेबल डोळ्यांसमोरून जात नाही. त्या माणसांचा दिवसभर राग राग केला. पण ताईंनी माघार घेतल्याचं कळलं, तेव्हा मला आधी काय वाटलं? इथे तरी खरं लिहावं. मला सुटल्यासारखं वाटलं.